राखेचा माग लागतो, गारेचा का लागत नाही?

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार. इथिओपियाच्या अफार भागात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. हा डोंगर याआधी कधी फुटल्याची माणसाकडे नोंदच नव्हती. मुलूख वाळवंटी, वस्ती तुरळक. तरी राख साधारण १४ किलोमीटर उंच गेली, हे काही तासांत जगाला कळलं. तो ढग तांबडा समुद्र ओलांडून येमेन-ओमानवर आला, तिथून पाकिस्तानवर आणि सोमवारी संध्याकाळी गुजरात-राजस्थानच्या आभाळात. रात्री दिल्लीवर. तो कुठे पोचेल, हे दर टप्प्याला आधी सांगितलं जात होतं. विमान कंपन्यांनी काही उड्डाणं रद्द केली, काहींचे मार्ग बदलले. मंगळवारी ढग चीनकडे सरकेल, असं आपल्या हवामान खात्याने सांगितलं आणि तो सरकला. चार हजार किलोमीटरवरून आलेल्या राखेचा तासातासाला लागलेला हा माग. बातम्या वाचताना मला मनापासून कौतुक वाटलं, आणि लगेच घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

कारण बरोबर दोन वर्षांपूर्वीचा, त्याच आठवड्यातला रविवार मला आठवला. २६ नोव्हेंबर २०२३. मी नाशिकजवळ निफाड तालुक्यात मामांच्या द्राक्षमळ्यात होते. मामांनी सप्टेंबरअखेर गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, घेतली होती. विरळणी होऊन गेली होती, मणी हरभऱ्याएवढे झाले होते, फुगवण चालू होती. बाग अशी डौलात होती की मामी बांधावरून येताजाता एखाद्या घडाला नुसता हात लावून जायची. सकाळी सगळ्यांच्या फोनवर संदेश आला होता: नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस आणि गारपिटीची शक्यता. मामांनी तो मोठ्यानं वाचला आणि मला विचारलं, "जिल्ह्यात म्हंजी कुठं? इगतपुरीला का येवल्याला? तू शिकवती ना भूगोल, सांग."

मी काय सांगणार? नाशिक जिल्हा साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा. त्यात सुरगाण्याचं जंगल आहे, सिन्नरचा कोरडा माळ आहे, गोदाकाठची काळी जमीन आहे. आणि गारपिटीचा पट्टा बहुतेक वेळा काही किलोमीटर रुंदीचा. एका शिवारात बाग आडवी होते, पलीकडच्या शिवारात पानही हलत नाही.

पावणेपाचच्या सुमारास पश्चिमेकडचं आभाळ जांभळं काळं झालं. दिवसभराचा उकाडा कुणीतरी झटकून टाकावा तसा एकदम गार वारा सुटला. पहिली गार गोठ्याच्या पत्र्यावर वाजली, मग कॅरेटच्या थप्पीवर, आणि नंतर वेगळे आवाज उरलेच नाहीत. दहा-बारा मिनिटं. थांबल्यावर आम्ही बागेत गेलो. पानांची चाळणी झालेली, ओळींमधून पांढरा थर, आणि फुटलेल्या कच्च्या मण्यांचा आंबट हिरवा वास. मामांनी एक घड तळहातावर घेऊन फिरवला. वाऱ्याच्या बाजूचे मणी चिरलेले, आडोशाच्या बाजूचे शाबूत. ते तो घड फिरवत राहिले, शाबूत बाजू वर आणली की जरा थांबायचे, मग पुन्हा फिरवायचे.

त्याच बागेच्या मध्यावर एक खांब आहे. त्यावर तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजणारी यंत्रं आहेत. जिल्ह्यातल्या बऱ्याच बागायतदारांनी हल्ली अशी बसवली आहेत, कधी फवारायचं ते ठरवायला. रात्री मामांच्या मुलानं फोनवर त्या खांबाची नोंद उघडून दाखवली. गारा पडायच्या आधीच तापमानाची रेघ कड्यावरून पडावी तशी खाली आलेली होती. तेवढ्यात पूर्वेकडे सहा-सात किलोमीटरवरच्या गावातून मावसभावाचा फोन आला. त्याच्याकडे गारा आमच्यानंतर वीस मिनिटांनी पोचल्या होत्या. त्याच्या शेतात काढलेल्या लाल कांद्याचा ढीग उघड्यावर पडून होता आणि मजूर बायका तिथेच होत्या. एकीच्या डोक्याला खोक पडली होती. मामांच्या खांबानं वादळ पाहिलं होतं. वीस मिनिटं हातात होती. पण खांबाचं म्हणणं शेजारच्या गावापर्यंत नेणारं मध्ये कोणीच नव्हतं.

राखेच्या बाबतीत हे "मधलं कोणीतरी" आहे, आणि ते आपोआप उगवलेलं नाही. जून १९८२ मध्ये एक प्रवासी जेट विमान रात्री जावा बेटाजवळून जात होतं. खाली गालुंगुंग ज्वालामुखी फुटलेला. विमानाच्या रडारवर आभाळ मोकळं दिसत होतं, कारण ते रडार पावसाचे थेंब पाहायला केलेलं. कोरडी बारीक राख त्याला दिसत नाही. चारही इंजिनं एकामागोमाग बंद पडली. विमान तरंगत खाली आलं, राखेतून बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि अडीचशेहून जास्त माणसं जकार्ताला सुखरूप उतरली. यंत्र चांगलं होतं, वैमानिक चांगले होते. फक्त एकाच यंत्राच्या डोळ्यांनी आभाळ पाहिलं जात होतं. अशा घटनांनंतर जगाची वाटणी करून ज्वालामुखीच्या राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रं उभी राहिली. इथिओपियाच्या राखेचा माग त्यांपैकी फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्राने काढला.

अशा केंद्रात होतं काय, ते पाहण्यासारखं आहे. राख आणि साधा ढग उपग्रहाच्या चित्रात सारखेच दिसू शकतात. पण अवरक्त किरणांच्या दोन जवळजवळच्या पट्ट्यांत तेच दृश्य पाहिलं तर फरक पडतो: पाण्याचा-बर्फाचा ढग एका पट्टीत जास्त शोषून घेतो, राख दुसऱ्या पट्टीत. दोन आकड्यांची वजाबाकी केली की राख उघडी पडते. दुसरा एखादा उपग्रह अतिनील प्रकाशात गंधकाचा वायू शोधतो. वैमानिक काय दिसलं ते कळवतात. वाऱ्याचं गणित ढग कुठे जाईल ते सांगतं. यातलं एकेक साधन अर्धवटच असतं. एकाची खोट दुसरं भरून काढतं, आणि हे सगळं एका टेबलावर, एका माणसापुढे येतं. त्या माणसाचं कामच "राख इथे आहे, इतक्या उंचीवर आहे" असं ठाम सांगणं हे असतं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे टोंगा. १५ जानेवारी २०२२ ला प्रशांत महासागरात हुंगा टोंगा-हुंगा हापाई हा पाण्याखालचा ज्वालामुखी फुटला. त्याचा स्तंभ ५७ किलोमीटर उंच गेला. ही उंची एकाच उपग्रहाने मोजलेली नाही. वेगवेगळ्या जागी असलेल्या उपग्रहांनी तोच ढग वेगवेगळ्या कोनांतून पाहिला आणि आपले दोन डोळे अंतर ओळखतात तशी ती काढली गेली. त्या ढगात विजा चमकत होत्या. उपग्रहावरचा कॅमेरा विजेचा उजेड टिपतो आणि जमिनीवरचे अँटेना तिची रेडिओलहर पकडतात. दोन्ही नोंदी एकत्र केल्यावर कळलं की ऐन भरात मिनिटाला २,६०० च्या वर विजा होत होत्या. उद्रेक किती टप्प्यांत झाला, कधी जोर चढला, कधी ओसरला, हेही त्या विजांनी सांगितलं. तिथे जाऊन पाहायला कोणी नव्हतं, जाणं शक्यही नव्हतं.

विजेचं हे बोलणं आपल्याही कामाचं आहे, म्हणून मी त्यावर थोडी रेंगाळते. गार तयार होते ती उंच वाढलेल्या वादळी ढगात. खालून वर जाणारा वारा इतका जोरकस असतो की शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी बर्फाच्या कणांवर थरावर थर चढवत राहतं. हेच बर्फाचे कण एकमेकांवर आपटून ढगात विद्युतभार वेगळे करतात. हा वर जाणारा वारा अचानक वाढला की ढगातल्या विजाही अचानक वाढतात, आणि बऱ्याच वादळांत ही उसळी जमिनीवर गार पडण्याच्या दहा-वीस, कधी तीस मिनिटं आधी दिसते. म्हणजे गारेची चाहूल विजेत असते. विजांची जागा टिपणारं जाळं आपल्याकडे आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते उभारलं आणि त्यावरच "दामिनी" हे अॅप चालतं. ते आपल्याला आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. त्याच नोंदींतून गारेचा इशारा गावापर्यंत पोचवणं हे पुढचं पाऊल आहे, आणि ते अजून पडायचं आहे.

दुसरा डोळा रडारचा. मुंबईत कुलाब्याला आणि वेरावलीला हवामान खात्याची रडार आहेत, आणि आजवर नाशिकची मोठी भिस्त त्यांच्यावरच राहिली आहे. पण पृथ्वी गोल आहे आणि रडारचा किरण सरळ जातो. कुलाब्याहून अर्ध्या अंशाच्या कोनात सुटलेला किरण १६० किलोमीटरवरच्या नाशिकच्या आभाळात पोचेपर्यंत सुमारे तीन किलोमीटर उंच गेलेला असतो, निफाडवर पावणेचार. त्याखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. शिवाय किरण जितका लांब जातो तितका तो पसरतो आणि ढगाचा बारकावा हरवतो. मधे सह्याद्री उभा आहे तो वेगळाच. मुंबईच्या रडारवर बसून निफाडची गार ओळखायची म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या गच्चीवरून आपल्या अंगणातलं मूल शोधायचं. इथे जवळचं, लहान पल्ल्याचं रडार हवं, आणि ते दुहेरी लहरींचं हवं. त्यातली एक लहर आडवी असते, एक उभी. मोठा पावसाचा थेंब पडताना बत्ताशासारखा खालून चपटा होतो, त्यामुळे आडव्या लहरीला तो रुंद दिसतो. गार मात्र गडगडत कोलांट्या खात येते, दोन्ही लहरींना सारखीच दिसते. या एका फरकावर पाऊस आणि गार वेगळी काढता येते.

तिसरा डोळा वरचा. इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस मिळून साधारण पंधरा मिनिटांनी आभाळाचं चित्र पाठवतात. ढगाचा माथा किती वेगाने थंड होतोय, म्हणजे तो किती वेगाने वर चढतोय, हे त्यात कळतं. पण त्याच्या उष्णतेच्या चित्रातला एकेक ठिपका चार किलोमीटरचा. निफाडला ढग चढतोय हे तो सांगेल, कोणत्या शिवारात फुटेल ते नाही सांगणार.

चौथा डोळा जमिनीवरचा. महावेध प्रकल्पात राज्यात महसूल मंडळागणिक एक, अशी दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. सरासरी काढली तर एका केंद्राच्या वाट्याला दीडशे चौरस किलोमीटर येतात. अशा केंद्राच्या पर्जन्यमापकात गार पडली तर ती वितळून पाऊस म्हणूनच मोजली जाते. तरी एकदम पडणारं तापमान आणि उसळणारा वारा त्यात नक्की दिसतो. शिवाय धरणांवरचे पाणीपातळीचे आकडे जलसंपदा खात्याकडे आहेत. आपल्याच नाशिक शहरात दिंडोरी रोडवर "मेरी" ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. दिंडोरी, पेठ, कळवण, सुरगाण्याकडे जमीन हादरली की बातमीत जी नोंद येते, ती तिथल्या भूकंपमापकाची. आणि मामांच्या बागेसारखे खांब शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशांनी रोवले आहेत.

म्हणजे डोळे आहेत, एखाददुसरा कमी असेल. पण प्रत्येक डोळा वेगळ्या कार्यालयात उघडा आहे आणि एकाला दिसलेलं दुसऱ्यापर्यंत वेळेत पोचत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. नाशिकसाठी नवी यंत्रं मागण्याआधी आपण एक खोली मागावी, जिथे ही सगळी माहिती दर मिनिटाला एकत्र येईल, आणि त्या खोलीत चोवीस तास एक माणूस हवा, ज्याला वरून परवानगी न घेता "अमुक दहा गावांना इशारा" असं म्हणायचा अधिकार आहे. रडार त्या खोलीचं पहिलं मागणं असावं. नुसतं रडार आणून उभं केलं आणि खोली नसेल, तर एक डोळा वाढेल, दृष्टी वाढणार नाही.

ही जुळवाजुळव आपल्या बागायतदाराला शिकवावी लागत नाही. डाऊनी हा बुरशीचा रोग येणार का, हे तो कधी एका आकड्यावर ठरवत नाही. रात्रीचं तापमान किती होतं, पान किती तास ओलं राहिलं, छाटणीला किती दिवस झाले, शेजाऱ्याच्या बागेत तेलकट ठिपका दिसला का, हे सगळं मनाशी जुळवून तो पहाटे ब्लोअर बाहेर काढतो. नुसत्या ढगाळ हवेवर फवारणी करत बसला तर औषधाच्या खर्चातच संपेल, आणि नुसत्या ठिपक्याची वाट पाहिली तर घडच राहणार नाहीत. निफाड-दिंडोरीची बाग ज्या अकलेवर उभी आहे ती हीच आहे. ती जिल्ह्याच्या आभाळाला लावायची आहे.

एका टेबलाचं महत्त्व सांगताना मला फिलिपिन्सचा पिनातुबो नेहमी आठवतो, कारण तिथे ज्वालामुखी आणि वादळ एकाच दिवशी आले. एप्रिल १९९१ मध्ये डोंगरातून वाफेचे स्फोट झाले. स्थानिक आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी घाईने भूकंपमापक बसवले. गंधकाचा वायू मोजला: मेच्या मध्यात दिवसाला ५०० टन, महिनाअखेर ५,०००. जमिनीखालची थरथर आणि वरचा वायू, दोन्ही एकच गोष्ट सांगू लागले तेव्हा धोक्याची पायरी चढवली गेली आणि हजारो लोकांना हलवलं. लोकांना पटावं म्हणून ज्वालामुखी काय करतो त्याची चित्रफीतही गावोगाव दाखवली. १५ जूनला डोंगर फुटला आणि त्याच दिवशी युन्या चक्रीवादळ अंगावर आलं. पावसाने राख भिजली, जड झाली आणि छपरं कोसळली. त्या दिवसांतले बहुतेक मृत्यू या छपरांखाली झाले. तरी आधीच रिकामी केलेली गावं वाचली, हजारो जीव वाचले. वादळाचा अंदाज आणि ज्वालामुखीचा अंदाज एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय त्या दिवसाचा धोका कळूच शकला नसता.

याच्या सहा वर्षं आधीचं उलटं उदाहरण कोलंबियाचं आहे. नेवादो देल रुईसचा धोका दाखवणारा नकाशा महिनाभर आधी तयार होता. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री डोंगर फुटला, बर्फ वितळून चिखलाचा लोंढा निघाला, आणि त्याला आर्मेरो गावापर्यंत पोचायला दोन-अडीच तास लागले. एवढा वेळ असूनही लोक घरात होते. सुमारे २३,००० माणसं गेली. नकाशा एका हातात होता, निर्णय दुसऱ्या हातात आणि लोक तिसरीकडे.

मला लगेच विचारलं जातं: अर्ध्या तासाचा इशारा मिळाला तरी बाग उचलून घरात नेणार आहात का? नाही. वेलीवरचा घड इशाऱ्याने वाचणार नाही, हे मी आधीच कबूल करते. त्याला आच्छादन लागेल, जाळी लागेल, आणि त्याचा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही. पण अर्ध्या तासात मजूर बायका पत्र्याखाली येतात. जनावरं सोडून आणता येतात. काढलेल्या कांद्यावर ताडपत्री पडते, भरलेले कॅरेट शेडमध्ये जातात. शाळा सुटायची वेळ असेल तर पोरांना पंधरा मिनिटं वर्गात थांबवता येतं. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं विजेने मरतात, त्यांतली बहुतेक उघड्यावर, शेतात. जो ढग गार टाकतो तोच वीज टाकतो. मावसभावाच्या शेतातल्या त्या बाईच्या डोक्याला पडलेली खोक वीस मिनिटांनी टळली असती. यापेक्षा मोठं कारण मला लागत नाही.

आणि इशाऱ्याचा उपयोग त्या दिवसापुरता नसतो. फळपीक विम्यात गारपिटीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. मग पाहणी, मग "तुमच्या मंडळात नोंद नाही" असं ऐकून घेणं, मग पुन्हा अर्ज. रडार, वीज आणि जमिनीवरची केंद्रं यांची जुळवलेली नोंद असेल तर गार कोणत्या शिवारावरून कोणत्या वेळी गेली याची रेघ नकाशावर काढता येईल. पंचनाम्याला तिचा आधार मिळेल. दहा वर्षांच्या अशा रेघा एकावर एक ठेवल्या तर कोणत्या गावांवर गार वारंवार येते तेही दिसेल, आणि आच्छादनाचं अनुदान आधी तिथे देता येईल. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये राज्यभर गारपीट झाली. त्या वेळेपासून हे जपलं असतं तर आज आपल्याकडे केवढी मोठी शिदोरी असती.

खोट्या इशाऱ्यांची भीतीही मी ऐकते. दोनदा सांगितलं आणि गार पडली नाही, तर तिसऱ्यांदा कोण ऐकणार? खरं आहे. पण आज आपण साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरला एकच इशारा देतो. तो बहुतेक गावांसाठी खोटाच ठरतो, म्हणून तर मामा तो वाचून फोन खाली ठेवतात. वीज उसळली, रडारला गडगडणारी गार दिसली, पश्चिमेच्या खांबावर तापमान पडलं, आणि तिन्ही एकाच ढगाबद्दल बोलत असतील तेव्हाच दहा गावांना सांगायचं, तर इशारे कमी होतील आणि खरे ठरतील. तो पोचवायची वाटही आहे. २०२३ मध्येच दूरसंचार विभागाने आपल्या फोनवर एकाएकी मोठा आवाज करत चाचणीचा संदेश पाठवला होता. वर्गात माझ्या तासाला सगळे फोन एकदम वाजले होते. मोबाइलच्या टॉवरवरून नेमक्या भागातल्या फोनना गाठता येतं, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

पैशाचं म्हणाल तर केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी २,००० कोटींचं "मिशन मौसम" मंजूर केलं. मे २०२५ पासून देशाचा अंदाज सहा किलोमीटरच्या चौकटीत काढला जातो. जुलै २०२५ मध्ये निसार उपग्रह गेला. त्यावर दोन वेगवेगळ्या लहरींची रडार आहेत, एक आपलं आणि एक अमेरिकेचं, आणि जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी ती त्याला कळते. ज्वालामुखी फुगतो तेही त्याला दिसेल आणि सह्याद्रीचा उतार सरकतो तेही. माळीण आणि इर्शाळवाडी गाडली गेली त्या डोंगरांच्याच रांगेत ब्रह्मगिरी आहे, सप्तशृंगीचा घाट आहे. हे सगळे डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, आणि मामांच्या बागेतली काळी माती त्याच दगडाची. माझी मुलं सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्या लाव्हाच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक पाहून येतात आणि विचारतात, मॅडम, आता इथे फुटेल का? नाही फुटणार. पण त्या दगडावरून वाहणारं पाणी आणि त्यावर जमणारा ढग आजचा आहे.

म्हणून मला सिंहस्थाची तारीख बेचैन करते. पहिलं अमृत स्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, भर पावसाळ्यात. २ ऑगस्टच्याच दिवशी, २०१६ मध्ये, गोदावरीला पूर आला होता. २०१९ मध्ये ४ ऑगस्टला. पूर किती, हे नाशिककर अजून गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. माझी आजी पंचवटीतल्या घराच्या दारात उभी राहून येणाऱ्याला पहिला तोच प्रश्न विचारायची. ते माप मला प्रिय आहे, कारण ते प्रत्येकाला कळतं. पण मारुतीच्या कमरेला पाणी लागतं तेव्हा ते घाटावर आलेलं असतं. लाखो माणसं पात्रात उतरणार आहेत त्या दिवशी त्र्यंबकच्या डोंगरावर ढग चढायला लागला की पंचवटीला कळलं पाहिजे. गंगापूर धरणाचा विसर्ग आपण क्युसेकमध्ये जाहीर करतो, ते चांगलंच आहे. धरणाच्या खाली, शहरावर आणि नाल्यांवर पडणाऱ्या पावसाचं काय, तो धरणाच्या आकड्यात येत नाही. तिथे पर्जन्यमापकं, नाल्यांवर पातळीमापकं आणि वर जवळचं रडार, तिन्ही एका टेबलावर लागतील.

सिंहस्थासाठी हे उभं राहिलं तर मला आनंदच आहे. माझी एकच काळजी आहे, की ते तंबूंबरोबर उठून जाऊ नये. अमृत स्नानं सप्टेंबरात संपतील आणि नोव्हेंबरात निफाडच्या बागांत पुन्हा मणी भरतील. खोली तिथेच राहिली पाहिजे, माणूस तिथेच बसला पाहिजे, आणि जनतेच्या पैशांतून गोळा झालेली प्रत्येक नोंद पाच मिनिटांत सगळ्यांना खुली झाली पाहिजे: कॉलेजच्या मुलांना, शेतकरी उत्पादक कंपन्यांना, ग्रामपंचायतीला. खाजगी खांबांच्या मालकांनीही आपापली नोंद त्यात टाकावी, असं मी गेल्या हंगामात चार-पाच बागायतदारांशी बोलले. कुणीच नाही म्हणालं नाही.

मामांनाही विचारलं. ते तेव्हा घडांना कागद लावत होते. हातातलं काम न थांबवता म्हणाले, "आपल्या खांबाची नोंद द्यायला काय जातंय? आमच्याकडं पडली की पलीकडं तुझ्या भावाला कळलं, एवढंच पाहिजे." मग कागदाची घडी मोडता मोडता माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पण द्यायची कुणाकडं?"